गुप्त भीमाशंकरची वाट: वर बघण्याआधी खाली बघा

भीमाशंकरला येणारे बहुतेक जण पायऱ्या उतरून दर्शन घेतात आणि पायऱ्या चढून गाडीत बसतात. साक्षी विनायकावरून गुप्त भीमाशंकरला, म्हणजे जंगलातल्या शिवलिंगाकडे, जाणारी रानवाट त्यांच्या गावीही नसते. अंतर जेमतेम दोनेक किलोमीटर. आम्ही एप्रिलअखेर, आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलो.

जांभूळ, अंजन, आंबा, हिरडा... फांद्या अशा एकमेकींत शिरलेल्या की भर उन्हाळ्यात वाटेवर नुसते कवडसे. शेकरूला, म्हणजे झाडावर राहणाऱ्या मोठ्या खारीला, हेच लागतं. तो सहसा जमिनीवर उतरत नाही. फांदी तुटली की त्याचा रस्ताच तुटतो. १९८५ साली इथं अभयारण्य झालं, ते मुख्यतः त्याच्यासाठी.

पण दिसेल तर शपथ! माना दुखायला लागल्या. वाटेत करवंदं घेऊन बसलेल्या मावशी म्हणाल्या, "वर काय बघताय? ताजा चोथा कुठं पडलाय ते बघा." पुढच्या वळणावर खरंच कुरतडलेली हिरवी फळं पडली होती, दातांच्या खुणा अजून ओल्या. तिथंच थांबलो. थोड्या वेळानं वरची डहाळी हलली: तांबूस पाठ, खाली लोंबणारी झुपकेदार शेपटी, पुढच्या दोन्ही पंजांत धरलेलं फळ. मग घरटीही दिसू लागली, बारीक फांद्यांच्या टोकाला काटक्या-पानांचे गोळे.

परतताना मावशींकडे पुन्हा टेकलो. "आमचा पगार हिरड्याला लागतो," त्या म्हणाल्या. इथली महादेव कोळी कुटुंबं बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करून, वाळवून विकतात. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडं पडली, तेव्हा घरचं उत्पन्नच आडवं झालं. जंगलाशी नातं वगैरे शब्द मला एरवी जडच वाटतात. त्या दिवशी मात्र हिरडा दिसला की पाय आपोआप थांबत होते.

जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. ऊन चढलं की शेकरूही पडून राहतो. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळाच. पावसाळ्यात दगड फार निसरडे होतात, पकड असलेले बूट घाला. माकडं आहेत, खाऊ पिशवीच्या आत. पुण्याहून मंचर-घोडेगावमार्गे एसटी आहे. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्याउतरल्या विचारून ठेवा. आणि सुटे पैसे न्या. रेंजचा भरवसा नाही, मोबाइलवरून पैसे देऊ म्हणाल तर करवंदं तिथंच राहतील.