किडस्टनचे दोन खड्डे

घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प (म्हणजे पाणी वर चढवून साठवायचे आणि गरज पडली की खाली सोडून वीज घ्यायची) पाहिला तेव्हा सर्वांत जास्त नवल वाटले ते सह्याद्रीच्या कड्याचे, कारण वरचे आणि खालचे धरण यांमधला चारशे मीटरहून अधिक उतार तिथे निसर्गानेच देऊन ठेवला आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये, किडस्टन येथे, नेमक्या तेवढ्याच क्षमतेचा उदंचन प्रकल्प हाती घेण्यात आला. तिथला उतार मात्र माणसांनी सोन्यासाठी खणून काढलेला आहे.

किडस्टनची ही सोन्याची उघडी खाण २००१ मध्ये बंद पडली. मागे उरले दोन खोल खड्डे, टाकाऊ खडकाचे ढीग आणि सोने काढून घेतल्यावर राहिलेल्या भुकटीसारख्या गाळाचे विस्तीर्ण पठार. जेनेक्स पॉवर या कंपनीने आधी या पठारावर ५० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारला आणि २०१७ च्या अखेरीस त्याची वीज वितरणाच्या जाळ्यात जाऊ लागली. अशी जमीन सपाट आणि मोकळी असते, शेतीच्या उपयोगाची नसते, म्हणून ती सौर पॅनेलांसाठी आयती मिळाली असे वाटते. पण गाळ वर्षानुवर्षे कमी-जास्त खचत राहतो, आणि त्यावर घातलेला मातीचा थर फुटून गंधकयुक्त खनिजांना हवा-पाणी मिळाले तर आम्ल झिरपू लागते, त्यामुळे पाया कसा आणि किती खोल घ्यायचा हा खरा कळीचा प्रश्न ठरतो.

मला अधिक मोलाचे वाटतात ते खड्डे. वाइजेस खड्ड्याभोवती खाणीच्याच टाकाऊ खडकाचा बांध घालून वरचा जलाशय करायचा, एल्ड्रिज खड्डा हा खालचा जलाशय, आणि दोन्हींमध्ये सुमारे दोनशे मीटरचा उतार, अशी ही योजना आहे. दुपारच्या स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी ते खाली सोडून आठ तास वीज घ्यायची. पाण्याची सोयही जुनीच आहे: खाणीसाठी बांधलेले कॉपरफील्ड धरण.

आयती मिळाली नाही ती वीजवाहिनी. खाणीच्या काळातली १३२ केव्हीची (किलोव्होल्टची) तार सौर प्रकल्पाला पुरली, पण २५० मेगावॅटसाठी माउंट फॉक्स येथील वीज उपकेंद्रापर्यंत १८६ किलोमीटर लांबीची २७५ केव्हीची नवी वाहिनी टाकावी लागली. चंद्रपूर-वणी पट्ट्यातील कोळसा खाणींच्या ढिगाऱ्यांवर असे वीज प्रकल्प उभारण्याची गोष्ट निघते तेव्हा मला म्हणूनच आधी हेच विचारावेसे वाटते, की उपकेंद्र किती दूर आहे.