छोट्या मॉडर्न क्विल्टला झोळ का येतो?

प्रदर्शनात मोठ्या क्विल्टसमोर (कापडाचे तुकडे जोडून, थर लावून शिवलेल्या गोधडीसमोर) माणूस चार पावलं मागे सरकतो, दीड-दोन फुटांच्या क्विल्टसमोर मात्र नाक लावून उभा राहतो. त्यातून मॉडर्न क्विल्ट बहुतेक एकरंगी कापडांचे. वाकडी टीप लपवायला फुलापानांची छपाईसुद्धा नसते. लहान म्हणजे सोपा, हा समज इथेच फसतो.

खरी गोम जोडकामात असते. शिवणीला पाव इंच माया धरलेली असते. ती १/१६ इंचाने जास्त गेली, तर दोन्ही तुकड्यांचं मिळून प्रत्येक जोडामागे १/८ इंच कापड जातं. आठ जोडांच्या ओळीत एक इंच गायब! आता मॉडर्न रचना बघा: एका कोपऱ्यात बारीक तुकड्यांची गर्दी, बाकी सगळं मोकळं. शेजारच्या ओळीत दोनच जोड असतील, तर ती पाव इंचच कमी भरते. उरलेला पाऊण इंच ओढूनताणून बसवला की मोकळ्या भागाला झोळ येतो, आणि दोष मात्र बॅटिंगला (आतल्या मऊ थराला) दिला जातो.

म्हणून आधी दीड इंची तीन पट्ट्या जोडून पाहाव्यात. मधली पट्टी बरोबर एक इंच दिसली पाहिजे. कमी भरली तर सुई कापडाच्या कडेकडे एक घर सरकवायची. शिवाय मोकळ्या भागाचं कापड कागदावरच्या मापाने आधी कापूनच ठेवू नये. तुकड्यांचा भाग शिवून, इस्त्री करून, प्रत्यक्ष मोजून मग कापावं.

फूटपट्टी न लावता हातानेच कापत जायची पद्धत अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंडच्या बायकांच्या क्विल्टमुळे अनेकांना भुरळ घालते (२००२ साली ते ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात मांडले गेले होते). अशा तुकड्यांच्या कडा तिरक्या धाग्यावर येतात आणि ताणल्या जातात. इस्त्री उचलून ठेवायची, घासायची नाही.

पांढऱ्या कापडाखालून गडद माया दिसते, म्हणून ती गडद बाजूला वळवावी. थर लावण्याआधी वरचा भाग उजेडासमोर धरून सुटे दोरे काढावेत. एक काळा दोरा आत राहिला, तर पाहणाऱ्याला आधी तोच दिसतो.

क्विल्टिंगला, म्हणजे सगळे थर एकत्र शिवणाऱ्या टिपांना, समांतर सरळ रेघा शोभतात, पण सगळ्या एकाच दिशेने मारल्या तर चौकोन कलतो, आणि उलटसुलट मारल्या तर दोन रेघांमध्ये तिरप्या सुरकुत्या पडतात. शिलाई मशीनला वॉकिंग फूट (वरचे-खालचे थर एकसारखे सरकवणारा पाय) लावून, मध्यापासून दर चार इंचांवर एकेक रेघ मारून थर आधी पक्के करावेत, मधल्या रेघा नंतर भराव्यात. टाका ३ मिमी. दाट क्विल्टिंगने कापड आत खेचलं जातं, तेव्हा चारही बाजूंना इंचभर जास्त ठेवावं.

छाटण्याआधी क्विल्ट ओला करून फोमच्या फळीवर टाचण्यांनी ताणायचा, दोन्ही कर्ण सारखे करायचे आणि पूर्ण वाळू द्यायचा. लाल-निळ्या कापडांचा रंग जातो का, हे त्याआधीच ओल्या पांढऱ्या चिंधीने तपासलेलं बरं.

रचनेतली रेघ कडेबाहेर निघून जात असेल, तर गोट लावू नये. गोटाची चौकट तिला अडवते. त्याऐवजी कडेला जोडलेली अडीच इंची पट्टी पूर्ण मागे वळवून हातशिलाई करावी. कोपऱ्यातली बॅटिंग शिवणीपर्यंत कापली नाही, तर तिथे गाठोडं होतं.

टांगण्यासाठी मागे नेफा लागतो. आयोजकांनी माप दिलं असेल तर तेच पाळावं, नाहीतर चार इंची ठेवावा. वरच्या कडेपासून अर्धा इंच खाली, दोन्ही बाजूंनी एकेक इंच आखूड. नेफ्याचा मागचा थर जरा सैल ठेवायचा, म्हणजे दांडीचा फुगवटा दर्शनी बाजूला येत नाही. छोट्या क्विल्टला स्वतःचं वजन नसतं, त्यामुळे खालची कड पुढे वळते. तिथे दुसरा बारीक नेफा शिवून चपटी काठी सरकवावी. मग भिंतीवर टांगून एका बाजूने दिवा लावून पाहावं. प्रदर्शनातला तिरपा प्रकाश जे दाखवणार, ते घरीच दिसतं.