आलेली लक्ष्मी का लाथाडली? तुम्ही विचारलंत म्हणून

निम्म्याहून जास्त काम देणारी कंपनी मी आपणहून का सोडली, हे पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या धंद्यातल्या प्रत्येकाने मला विचारून झालंय. "पैसे बुडवले का?" नाही. एक पैसाही बुडवला नाही. फक्त 90 दिवसांनी द्यायचे.

कागदवाला मला 30 दिवसांची मुदत देतो. म्हणजे मधले 60 दिवस त्यांचा माल माझ्या पैशावर. ऑर्डर दुप्पट झाली की अडकलेली रक्कमही दुप्पट. वहीत नफा वाढत होता आणि बँकेतली शिल्लक आटत होती. "काम वाढलं की पैसा येतोच," असं तेव्हा मीच सगळ्यांना ठासून सांगायचे.

अशाच एका महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळपासून त्यांच्या अकाउंट्सबाहेर बसले होते. दुपारी कळलं, माल पोचवल्याच्या एका चलनावर त्यांच्या गेटचा शिक्का नीट उठला नव्हता, म्हणून सगळीच बिलं थांबलीत. पुढचं पेमेंट 15 दिवसांनी. परत आले. पगाराची 7 पाकिटं नावं घालून तयार होती, पैसे मात्र 6 जणांपुरतेच. सातवं पाकीट सगळ्यात नव्या पोराचं. कटिंग मशीनवरच्या मामांना काय कळलं कोण जाणे, त्यांनी आपलं पाकीट न उघडताच माझ्या टेबलावर ठेवलं. "ताई, आधी पोराचं बघा. माझं, पैसे आले की द्या."

मी ते घेतलं. नको म्हणायला हवं होतं, पण हात पुढे झाला. मामांच्या पाकिटातून मोजून पोराचं भरलं. मामांचं नाव माझ्याच अक्षरात होतं, निळ्या शाईत. पाकीट उलटं करून ड्रॉवरमध्ये सरकवलं.

आणि तरीही दुसऱ्या दिवशी त्याच कंपनीची गाडी भरली. आणखी 5 महिने भरत राहिले. निम्मं काम गेलं तर माणसांना काय देऊ, ही भीती होती. ती खोटी नव्हती.

मुदत कमी करून मागितली नाही का? दोनदा मागितली, 45 दिवसांची. "बाकीचे 90 वर देतात," एवढंच उत्तर. पण त्या 60 दिवसांचं व्याज पहिल्याच दिवशी दरात धरायला हवं होतं. ते मी धरलं नाही. तिथे कंपनीला बोल लावता येत नाही.

आता निम्मे पैसे ऑर्डरसोबत घेते. काही जण त्यामुळे येतच नाहीत. पगार वेळेवर होतात, पण 5 जणांचे. कंपनी सोडल्यावर दोघांना कमी करावं लागलं. शेवटी आलेला आधी जातो, तसा तो पोरगाही गेला. पगारासाठी सोडलंस आणि माणसंच घालवलीस, असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

मामा अजून आहेत. पोराबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.