तुम्ही विचारलंत म्हणून: तीच झाडं पुन्हा का मोजता?

"काहो, झाड काही चालत जात नाही. एकदा मोजलं, झालं! पुन्हा पुन्हा त्याच जंगलात कशाला जाता?" धरमपेठेतल्या मावशींपासून सेमिनरी हिल्सवर फिरायला येणाऱ्या मंडळींपर्यंत नागपुरात सगळ्यांनी मला हे विचारलंय. म्हणून लिहूनच सांगते.

आमचा भूखंड, म्हणजे झाडं मोजण्यासाठी आखून घेतलेला जंगलाचा तुकडा, सह्याद्रीत, महाबळेश्वरच्या बाजूला. अंजनी, जांभूळ, पिसा यांचं सदाहरित रान. प्रत्येक झाडाला नंबराचा ॲल्युमिनियमचा बिल्ला, आणि जमिनीपासून १.३ मीटरवर रंगाचा पट्टा. टेप त्या पट्ट्यावरच बसला पाहिजे. आधी शेवाळ हलक्या हातानं बाजूला करायचं, खोडाला बिलगलेली वेल उचलून टेप तिच्याखालून घ्यायचा. सावलीतली अंजनी वर्षाकाठी कधी कधी मिलिमीटरभरही जाड होत नाही. टेप बोटभर वर-खाली झाला, तर हाती येते ती आपली चूक, झाडाची वाढ नव्हे.

मग कोण वाळलं, कोण नव्यानं उगवलं याची नोंद. माझ्या मते खरं काम हेच. जातींची यादी वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहते, आणि तरी आतलं रान बदलत असतं. एखाद्या जातीचे जुने वृक्ष दिमाखात उभे असतात, पण खाली त्यांचं एकही रोप नसतं. एकदाच जाणाऱ्याला तिथं भरलेलं जंगल दिसतं.

पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ५० हेक्टरांतलं सेंटिमीटरभर जाडीचं खोडही साधारण दर पाच वर्षांनी मोजतात. आपल्याकडे तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात १९८८पासून तेवढाच भूखंड आहे. पेरूमधल्या अँडीजच्या उतारांवर अशाच फेरमोजणीतून दिसलं, की बऱ्याच वृक्ष-प्रजातींचा (म्हणजे जवळच्या जातींच्या गटांचा) सरासरी ठिकाणा वर्षाला अडीच-साडेतीन मीटर वर सरकतोय. म्हणजे मावशी, झाडं चालतात! खालची वाळतात, वरच्या अंगाला रोपं धरतात. पण तापमान वाढतंय त्या मानानं हा वेग कमीच. अँडीजला वर जागा तरी आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटरवर संपतं.

अशा कामाला पैसा मिळतो तो दोन-तीन वर्षांचा, त्यामुळे प्रत्येक फेरीआधी जुळवाजुळव करावी लागते. ती करतेच, कारण मधली फेरी चुकली तर अमुक झाड पाऊस कमी झाला त्या साली वाळलं की वादळात पडलं, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.