सव्हानात, दोघंच

मुलांना मैत्रिणीकडे सोडून काल अटलांटाहून सव्हानाला, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या जुन्या बंदराच्या शहरात आलो. चार तासांचा रस्ता, आणि कितीतरी वर्षांनी गाडीत फक्त आम्ही दोघं!

आज काहीच ठरवलं नव्हतं. एका चौकातून दुसऱ्या चौकात नुसते भटकलो; इथले चौक म्हणजे झाडांच्या छोट्या बागाच. १७३३ मध्ये जॉर्जिया वसाहतीचा इंग्रज संस्थापक ऑगलथॉर्पने हे शहर चौकाचौकांनी आखलं. मूळ २४ चौकांपैकी २२ अजून आहेत. ओकच्या फांद्यांवरून स्पॅनिश मॉस जटांसारखं लोंबतं. ते शेवाळ नाही, अननसाच्या कुळातलं आहे म्हणे! मला मात्र गावच्या वडाच्या पारंब्याच आठवत राहिल्या.

फोर्सिथ पार्कात १८५८ सालच्या कारंज्यासमोर तासभर बसलो. नवऱ्याने एकदाही फोन काढला नाही.

संध्याकाळी रिव्हर स्ट्रीटवर गेलो. पायाखाली जहाजांतून वजनासाठी भरून आणलेले दगड, बाजूला कापसाची जुनी गोदामं. तो कापूस गुलाम माणसांनी वेचलेला, हे आठवलं आणि थोडा वेळ आम्ही गप्पच झालो. समोरून एक प्रचंड कंटेनर जहाज संथपणे बंदराकडे गेलं. ते दिसेनासं होईपर्यंत आम्ही हातात हात घेऊन तिथेच उभे होतो.