रोअनोक आणि हॅटरस: वाळूच्या पट्टीवरची इंग्रज वस्ती

नॉर्थ कॅरोलायनात राहणारे आपले लोक आउटर बँक्सला, म्हणजे किनाऱ्यालगतच्या वाळूच्या बेटांच्या रांगेला जातात ते बीचसाठी, आम्हीही तसेच जायचो, पण यावेळी मुद्दाम रोअनोक बेटावरच्या फोर्ट रॉलीसाठी, म्हणजे जुन्या इंग्रज वस्तीच्या जागेसाठी वेळ काढला. आमच्या रॉली शहराला ज्याचं नाव दिलंय त्या वॉल्टर रॉलीने 1585 मध्ये इंग्लंडहून इथे वस्ती करायला माणसं पाठवली, स्वतः मात्र कधीच आला नाही. आज तिथे मातीचा एक छोटा बांध आणि झाडी, एवढंच.

खरी गोष्ट कळते ती हायवे 12 वरून दक्षिणेला जाताना. एका बाजूला अटलांटिक, दुसरीकडे पॅम्लिको साउंड नावाची खाडी आणि मधे वाळूची अरुंद पट्टी, तिला मधेमधे खिंडारं, म्हणजे इनलेट, वादळात नवी फुटतात जुनी बुजतात, आपण पुलावरून ओलांडतो ते ऑरेगन इनलेट तर 1846 च्या वादळातलं. इंग्रजांचं टायगर जहाज असंच आत शिरताना रुतलं, खारं पाणी घुसून बरंच अन्नधान्य नासलं, मग पोटासाठी अवलंबून कोणावर तर तिथल्याच लोकांवर. आणि चांदीचा एक पेला चोरीला गेला म्हणून इंग्रजांनी त्यांचं एक अख्खं गाव जाळलं, पुढच्या वर्षी विंगिना या स्थानिक प्रमुखाला मारलं! वाचताना फार संताप आला.

1587 ला बायकामुलांसकट शंभरावर लोक आले. गव्हर्नर जॉन व्हाइट मदत आणायला इंग्लंडला गेला, स्पेनशी युद्ध चालू त्यात अडकला, 1590 ला परत येऊन बघतो तर वस्ती रिकामी आणि खांबावर कोरलंय, क्रोएटन. संकटात निघालो तर क्रॉस कोरू असं ठरलेलं, तो कुठेच नव्हता. क्रोएटन म्हणजे आजच्या हॅटरसचा भाग, इंग्रजांच्या मँटिओ या स्थानिक मित्राच्या लोकांचं बेट. व्हाइट तिकडे निघणारही होता, पण इनलेटमधून येतानाच सात माणसं बुडालेली, त्यात वादळी हवा, नांगर गेले, आणि जहाज वळलं.

त्यामुळे या वस्तीला सगळे 'हरवलेली वसाहत' म्हणतात हे मला अजिबात पटत नाही, ते तर पत्ता लिहून गेले होते! हॅटरसवर बक्सटनजवळ जुन्या स्थानिक वस्तीत युरोपियन वस्तू सापडल्यात, त्यावर वाद आहेत, पण निदान शोध तरी योग्य जागी चाललाय. बक्सटनला लाइटहाउस बघायला सगळेच जातात, तेव्हा मुलांना क्रोएटन लोकांबद्दल नक्की सांगा, ते या वाळूत कितीतरी आधीपासून राहत होते.