फेयेनूर्ड बघायचंय? मग आधी रॉटरडॅम पायी फिरा

आपल्याकडचे फुटबॉलवेडे युरोपला गेले की बार्सिलोना, मँचेस्टर आणि फार तर ॲम्स्टरडॅमला आयॅक्सचं स्टेडियम करून परत येतात, रॉटरडॅमला फारसं कोणी जात नाही आणि मला ते मनापासून खटकतं. कारण युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, जिंकणारा पहिला डच क्लब आयॅक्स नाही, रॉटरडॅमचा फेयेनूर्ड आहे. ६ मे १९७०, मिलानचं सान सीरो, समोर सेल्टिक. आधी सेल्टिकचा गोल, दोनच मिनिटांत रिनुस इस्राएलने हेडरने बरोबरी केली, मग मॅच एक्स्ट्रा टाइममध्ये गेली आणि ११७व्या मिनिटाला स्वीडनच्या ओव्हे किंडवालने गोल मारला, २-१. कोच ऑस्ट्रियाचे अर्न्स्ट हॅपल. आयॅक्सचे ते गाजलेले सलग तीन कप याच्या पुढच्या वर्षापासूनचे.

मी ॲम्स्टेलव्हीनला मावसभावाकडे उतरलो होतो. तिथून स्किपॉल, आणि स्किपॉलवरून फास्ट ट्रेनने रॉटरडॅम सेंट्रल अर्ध्या तासाच्या आत. वेगळं कार्ड काढायची गरज नाही, बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड ट्रेनला, ट्रामला, मेट्रोला सगळीकडे चालतं, फक्त चढताना टॅप केलंत तसं उतरतानाही त्याच कार्डाने टॅप करा, नाहीतर जास्त पैसे कापले जातात.

आता माझा मुख्य सल्ला. स्टेशनवरून थेट स्टेडियमला जाऊ नका. हा क्लब शहरापासून वेगळा काढून बघता येत नाही, म्हणून आधी अर्धा दिवस चाला. सेंट्रलहून कूलसिंगलला या, रॉटरडॅमचा मुख्य रस्ता. आजूबाजूला सगळ्या काचेच्या नव्या बिल्डिंगा आणि मध्ये एकदम जुनं दगडी सिटी हॉल दिसतं. १४ मे १९४० ला जर्मन विमानांनी शहराच्या मध्यभागी बाँब टाकले, आग पसरली, शेकडो माणसं गेली, ८० हजारांच्या आसपास बेघर झाली, त्यातून जे थोडं उभं राहिलं त्यात हे सिटी हॉल. आग जिथपर्यंत पोचली ती हद्द आजही फुटपाथमध्ये बसवलेल्या लाल दिव्यांनी दाखवलेली आहे, खाली बघत चाला म्हणजे सापडतील. पुढे ल्यूव्हहावनच्या पाण्याजवळ शिल्पकार झाडकिनने केलेला पुतळा आहे, हात वर केलेला माणूस आणि छातीच्या जागी आरपार भोक. तिथे थांबाच.

याच सिटी हॉलच्या बाल्कनीत फेयेनूर्ड जिंकलं की टीम ट्रॉफी घेऊन उभी राहते आणि खाली कूलसिंगल माणसांनी भरून जातो. आणि एक गोष्ट मला तिथे उभं असताना फार जाणवली. २०१७ ला फेयेनूर्ड १८ वर्षांनी लीग जिंकलं ती तारीख १४ मे, बाँब पडले तीच. आदल्या रविवारी शहरातल्याच छोट्या एक्सेलसिअरकडून ०-३ हरून बसले होते, सगळ्या गावाचा जीव टांगणीला, आणि शेवटच्या मॅचला ३६ वर्षांच्या डर्क काउटने पहिल्याच मिनिटात गोल करून पुढे हॅटट्रिक मारली, हेराक्लिस ३-१, आणि नंतर लगेच रिटायर झाला. २०२३ ला कोच आर्ने स्लॉटच्या टीमने लीग नक्की केली तीही १४ मे लाच. योगायोगच आहे, पण रॉटरडॅमच्या माणसाला ही तारीख काय वाटत असेल याचा विचार करा. २००२ चा युएफा कप, युरोपातल्या क्लबांचा दुसऱ्या नंबरचा कप, घरच्या मैदानावर जिंकला, डॉर्टमुंड ३-२, व्हान होईडोंकचे दोन गोल, पण दोनच दिवस आधी शहराचा राजकारणी पिम फोर्टाउन याचा खून झाला होता, त्यामुळे त्या विजयावरही सावट होतं.

कूलसिंगलवरून इरॅस्मस पूल चालत ओलांडा, साधारण ८०० मीटर. वारा प्रचंड असतो, उन्हाळ्यातही जॅकेट ठेवा. मास नदीच्या पलीकडे दक्षिण रॉटरडॅम, गोदी कामगारांची बाजू. झीलंड आणि ब्राबंटच्या खेड्यांतून पोटासाठी आलेली माणसं इथे राहिली आणि क्लब त्यांच्यातच १९०८ ला एका पबमध्ये सुरू झाला. आपल्या गिरणगावातल्या मंडळांचं आणि कामगारांचं जसं नातं होतं तसं इथे क्लबचं आहे. 'शब्द नकोत, काम दाखवा' हे इथलं ब्रीद. म्हणून इथे घाम गाळणारा खेळाडू लोकांना आधी आवडतो, काउट का लाडका ते लगेच कळतं.

पूल उतरलात की विल्हेल्मिनाप्लाइनवरून ट्राम घ्या, मी गेलो तेव्हा २३ नंबरची स्टेडियमजवळ थांबत होती. डे काउप हे फेयेनूर्डचं १९३७ चं स्टेडियम. आर्किटेक्ट ब्रिंकमन आणि व्हान डेर व्ल्युख्त, ज्यांची व्हान नेले फॅक्टरी आज युनेस्कोच्या यादीत आहे. वरचा मजला खालच्या मजल्यावर पुढे आलेला आणि मध्ये नजर अडवणारा एकही खांब नाही, त्या काळात! नवीन मोठं स्टेडियम बांधायचा प्लॅन २०२२ मध्ये बारगळला आणि खरं सांगतो मला बरं वाटलं. बाहेर कून मूलाइनचा पुतळा आहे, १९५५ ते १९७२ डाव्या विंगला खेळलेला, १९७० च्या टीममधला, इथल्या लोकांचा सगळ्यात जिव्हाळ्याचा माणूस.

क्लबच्या म्युझियममध्ये योप व्हान डालाच्या चष्म्याची गोष्ट चुकवू नका. १९७० चा इंटरकॉन्टिनेंटल कप, म्हणजे युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्यांची लढत, अर्जेंटिनाच्या एस्तुदिआंतेसविरुद्ध पहिली मॅच २-२, परतीच्या मॅचला चष्मा लावून खेळणाऱ्या या पोराने एकमेव गोल केला आणि समोरच्यांनी चिडून त्याचा चष्मा ओढून मोडला. आयॅक्सचा सगळ्यात मोठा खेळाडू योहान क्रायफ, त्याची गोष्टही इथलीच. १९८३ ला आयॅक्सने करार वाढवला नाही म्हणून ३६ वर्षांचा क्रायफ सरळ इकडे आला, आयॅक्सकडून ८-२ मार खाल्ला आणि तरी त्याच सीझनला लीग आणि कप दोन्ही जिंकून दिले, टीममध्ये पुढे मोठा स्टार झालेला तरुण रुड गुलितही होता. टूर बुक करताना मॅचचा दिवस टाळा आणि इंग्रजी टूर आहे का ते बघून घ्या.

मॅचचं तिकीट क्लबच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, रस्त्यावर कोणाकडून नको. मोठ्या मॅचेस मेंबर आणि सीझन कार्डवाल्यांतच संपतात, त्यामुळे खालच्या टीमविरुद्धची मॅच धरा. आयॅक्सविरुद्धच्या मॅचला तर २००९ पासून बाहेरच्या टीमच्या फॅन्सना प्रवेशच नाही. आयॅक्सचं नावही इथले लोक घेत नाहीत, ॲम्स्टरडॅमचा फोन कोड ०२० तेवढा म्हणतात. तेव्हा आयॅक्सचा शर्ट बॅगेतसुद्धा नेऊ नका. १२ नंबरचा शर्ट कोणत्याच खेळाडूला देत नाहीत, तो फॅन्सचा, म्हणजे हेट लेझिऊनचा. सगळे एकत्र उड्या मारायला लागले की पायाखालचं स्टँड हलतं, पहिल्यांदा दचकायला होतं पण घाबरू नका. क्लबचं गाणं सुरू झालं की सगळे उभे राहून मफलर वर धरतात, तुम्हीही उभे राहा, शब्द नाही आले तरी चालेल, शेजारचा माणूस शिकवतो.

खाण्याचं म्हणाल तर कापसालॉन रॉटरडॅमचंच, फ्राइजवर शोर्मा, वितळलेलं चीज आणि वर सॅलड, एक मोठा डबा दोघांत पुरतो. शाकाहारी असाल तर पोटभर खाऊनच जा, स्टेडियमजवळ फ्राइज आणि मेयोनेजवर भागवावं लागेल. मॅच संपल्यावर ट्रामला तुफान गर्दी असते, शेवटची ट्रेन आधी बघून ठेवा आणि अर्धा तास तिथेच रेंगाळून मग निघा.